एल्फिन्स्टनची दान्ते-पोथी

मुंबईच्या कोटात, हॉर्निमन सर्कलच्या बाजूला, टाउन हॉलची जुनी इमारत उभी आहे. रुंद पायऱ्या चढून वर गेले म्हणजे भक्कम खांबांची रांग लागते आणि आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. ही इमारत 1833 साली पुरी झाली. या ग्रंथालयात एक इटालियन पोथी जतन करून ठेवलेली आहे. पोथीच म्हणावयाची, कारण ती हाताने लिहिलेली असून रंगीत चित्रांनी सजवलेली आहे. ती चौदाव्या शतकातील मानली जाते. दान्ते या महाकवीच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्याची ती प्रत आहे. ती सोसायटीला ज्याने दिली, त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.

हे नाव आपल्या ओळखीचे आहे. शनिवारवाड्यावरील भगवा ज्याच्या कारकीर्दीत उतरला तो हा रेसिडेंट. नव्या मुलखाचा पहिला कमिशनर हाच आणि पुढे आठ वर्षे मुंबईचा गव्हर्नर हाच. शाळेच्या पुस्तकात त्याची एवढीच ओळख होते. परंतु तो इटालियन काव्याचा व्यासंगी होता आणि आपला एक अमोल ग्रंथ तो या भूमीवर ठेवून गेला, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

येथे कोणी विचारील की, कुरुळी-चाकणच्या रस्त्यावर पाळी संपवून सायंकाळी व्याख्यानाला येणाऱ्या माणसाला दान्तेशी काय करावयाचे आहे? प्रश्न रास्त आहे. आम्ही स्वतः कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. जे काही वाचले ते सभा, वाटाघाटी आणि दरवाजा-सभा यांतून उरलेल्या वेळात, शब्दकोश उशाशी ठेवून वाचले. म्हणूनच हा प्रश्न आम्हाला अधिक बोचतो. विद्या कोणाची? जिंकणाऱ्याची, शिकलेल्याची, की ज्याच्या घामातून तिचा खर्च निघतो त्याची? एल्फिन्स्टनच्या चरित्रात या प्रश्नाची दोन्ही टोके सापडतात. म्हणून ते आज येथे मांडावयाचे आहे.

एल्फिन्स्टन 1779 साली स्कॉटलंडमधील एका उमराव घराण्यात जन्मला. घराणे मोठे खरे, पण तो धाकट्या पातीचा. वडिलार्जित जहागिरीची आशा नाही. अशा मुलांना त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी हा हमखास रस्ता असे. 1796 च्या आरंभी तो कलकत्त्यास उतरला तेव्हा त्याचे वय सोळा वर्षांचे होते. म्हणजे ज्या वयात आपल्याकडील मुलगा आयटीआयला नाव घालतो, त्या वयात त्याचे शालेय शिक्षण आटोपले होते. विद्यापीठाची पायरी तोही चढला नाही. पुढे ग्रीक, फारसी, इटालियन असा जो भाषांचा साठा त्याने केला तो बहुतांशी स्वतःच्या कष्टाने, तंबूत आणि छावणीत.

आरंभीच त्याच्यावर प्राणसंकट आले. 1799 च्या जानेवारीत बनारस येथे पदच्युत नबाब वजीर अलीने इंग्रज अधिकाऱ्यांची कत्तल केली, तीतून तो घोड्यावरून निसटला. 1801 साली त्याची नेमणूक पुण्यास रेसिडेंटाचा मदतनीस म्हणून झाली. कलकत्त्याहून पुण्यापर्यंतचा प्रवास त्याने एडवर्ड स्ट्रेची या मित्राबरोबर रमतगमत, जवळपास वर्षभर केला. वाटेत दोघांचे वाचन चाले. 1803 साली असईच्या लढाईत तो आर्थर वेलस्लीच्या सोबत होता. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मुलकी नोकर असूनही या पोराचे धैर्य पाहून सेनापतीने त्याची वाखाणणी केली. त्यानंतर नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी त्याने चार वर्षे काढली. नागपुरास काम बेताचे आणि वेळ पुष्कळ. तेथे त्याने ग्रीक ग्रंथांचे पाठ घेतले. 1808 साली तो वकील म्हणून काबूलच्या शहा शुजाकडे पेशावरला गेला. तेथून परतल्यावर 1811 साली तो पुण्याचा रेसिडेंट झाला.

रेसिडेन्सी संगमावर होती. मुळा आणि मुठा जेथे मिळतात त्या जागी साहेबाचा बंगला, बाग आणि ग्रंथसंग्रह. इटालियन कवी तो मूळ भाषेत वाची. दिवसा बाजीराव पेशव्याच्या कारभाऱ्यांशी डावपेच आणि फावल्या वेळी काव्य, असा त्याचा क्रम होता. एकाच मनात या दोन गोष्टी कशा नांदत असतील, याचे आपल्याला आश्चर्य वाटते. पण इतिहासात अशी माणसे पुष्कळ आहेत. काव्याची आवड माणसाला सुसंस्कृत करते हे खरे. तेवढ्याने ती त्याला न्यायी करतेच असे नाही.

पुढचा वृत्तांत सर्वश्रुत आहे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा 20 जुलै 1815 रोजी पंढरपुरास खून झाला. संशय त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर; एल्फिन्स्टनने त्याला ताब्यात देण्याचा हट्ट धरला. जून 1817 मध्ये पेशव्याच्या गळी पुण्याचा तह उतरवण्यात आला आणि राज्य नावापुरते उरले. अखेर 5 नोव्हेंबर 1817 रोजी तोंड लागले. एल्फिन्स्टन संगमावरून निघून नदीपार खडकीच्या फौजेस मिळाला. दापोडीची पलटण तेथे येऊन दाखल झाली. बापू गोखल्यांच्या हाताखाली पेशव्यांची सेना कितीतरी पट मोठी होती. इंग्रजांची तीन हजारांच्या आतली. पेशवे पर्वतीवरून लढाई पाहत होते. दिवस मावळेपर्यंत निकाल लागला होता. 17 नोव्हेंबरला पुण्यावर कंपनीचे निशाण चढले.

आज भोसरीहून नाशिक फाट्यावरून पुण्यास जाणारी कामगारांची बस याच दापोडी-खडकीवरून जाते. बसमध्ये पेंगणाऱ्या माणसाला त्याची जाणीव नसते, पण त्याच्या रोजच्या वाटेवर एका राज्याचा शेवट झाला.

त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या लोकांनी जाळली. एल्फिन्स्टनचे कागद, टिपणे आणि वर्षानुवर्षे जमवलेले ग्रंथ भस्म झाले. ज्याने पुस्तकाचे पान हौसेने उलटले आहे त्याला या वार्तेने हळहळ वाटेल, आणि ती वाटू द्यावी. परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय होते हेही विसरू नये. एकाची पुस्तके गेली. दुसऱ्या बाजूला शेकडो माणसे पडली आणि एका लोकसमूहाच्या हातून त्याचा कारभार गेला.

आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. पुणे घेतल्यानंतर युरोपियनांना मारून जुने राज्य परत आणण्याचा कट काहींनी केला. तो उघडकीस आला तेव्हा एल्फिन्स्टनने म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिले. या कृत्याबद्दल सरकारकडून माफीचा कायदा करून घ्यावा, असा सल्ला मुंबईच्या गव्हर्नराने त्याला दिला. त्याने तो मानला नाही. चूक असेल तर शिक्षा करा, बरोबर असेल तर माफी कशाला, असा त्याचा रोख. त्याचे चरित्रकार हा प्रसंग त्याच्या बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून देतात. आम्हाला मात्र तो वाचताना दान्ते आठवतो. ज्याने नरकाची वर्णने मूळ भाषेत वाचली, त्यानेच तोफेला बत्ती देण्याचा हुकूम सोडला.

तो दान्ते कोण, हे आता थोडक्यात पाहू.

दान्ते आलिगिएरी 1265 साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी जन्मला. आपल्या ज्ञानेश्वरांचा जन्म 1275 चा धरतात. म्हणजे हे दोघे एका पिढीचे. कुरुळीहून आळंदी दोन-तीन कोसांवर आहे. इंद्रायणीकाठी ज्ञानेश्वरांनी 1296 साली समाधी घेतली तेव्हा तिकडे अर्नो नदीच्या काठी दान्ते एकतीस वर्षांचा होता. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकण्याचा संभव नव्हता. तथापि दोघांनी काम एकच केले. पंडितांची भाषा इकडे संस्कृत, तिकडे लॅटिन. धर्म, शास्त्र, तत्त्वज्ञान जे काही मोलाचे, ते त्या भाषेत कुलूपबंद. ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीतेचा अर्थ मराठीत आणला. दान्तेने स्वर्ग, नरक आणि त्यांमधील शुद्धिस्थान यांचा पट आपल्या मुलखाच्या बोलीत विणला. लोकभाषेची योग्यता पटवून देण्यासाठी त्याने एक स्वतंत्र प्रबंधही लिहिला. गंमत अशी की तो लॅटिनमध्ये लिहिला, कारण पटवावयाचे होते ते पंडितांना.

दोघांच्या वाट्याला बहिष्कार आला हेही साम्य. ज्ञानेश्वरांच्या घराला वाळीत टाकले. दान्तेचे प्रकरण राजकीय होते, आणि कामगार चळवळीतील माणसाला ते फार जवळचे वाटावे असे आहे. फ्लॉरेन्समध्ये त्या काळी कारागीर आणि व्यापारी यांच्या संघांचे राज्य होते. कोणत्या तरी संघाचा सभासद असल्याखेरीज नगराच्या कारभारात पद मिळत नसे. म्हणून दान्तेने वैद्य आणि औषधविक्रेते यांच्या संघात नाव नोंदवले. 1300 साली तो नगराच्या मुख्य कारभाऱ्यांपैकी एक झाला. पुढे विरुद्ध पक्ष सत्तेवर आला. तेव्हा 1302 मध्ये त्याच्यावर लाचखोरीचा आळ घेऊन दंड ठोठावला. तो न भरल्यामुळे सापडल्यास जिवंत जाळण्याची शिक्षा फर्मावली. त्यानंतर दान्ते पुन्हा कधी आपल्या गावी गेला नाही. 1315 साली त्याला सांगण्यात आले की, अपमानाच्या काही अटी पाळ, म्हणजे परत घेऊ. त्याने नकार दिला.

'माफीनामा लिहून द्या, मग कामावर घेतो' हे वाक्य ज्यांनी कारखान्याच्या दरवाज्यावर ऐकले आहे, त्यांना या नकाराचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. सही केली तर चूल पेटते आणि मान खाली जाते. न केली तर मान ताठ राहते आणि पोरांची फी थकते. सही करणाऱ्याला आम्ही कधी दोष दिलेला नाही. पण न करणाऱ्याला काय पडते हे आम्ही जवळून पाहिले आहे. दान्ते परमुलखात 1321 साली, राव्हेन्ना येथे वारला. फ्लॉरेन्सच्या नगरसभेने त्याची शिक्षा रद्द करण्याचा ठराव 2008 साली केला. सातशे वर्षांनी का होईना, कामावर घेतले!

त्याच्या काव्यात शंभर सर्ग आहेत. व्हर्जिल हा प्राचीन रोमन कवी वाटाड्या होऊन त्याला नरकातून आणि शुद्धिस्थानातून नेतो. पुढे स्वर्गात त्याची प्रिया बिआत्रिचे मार्ग दाखवते. नरकाची रचना मोठ्या हिशेबाने केलेली आहे. जसे पाप, तशी शिक्षा. सावकार तापलेल्या वाळूत बसले आहेत, वरून आग झरते आहे, आणि प्रत्येकाच्या गळ्यात पैशांची थैली लटकते आहे. त्यांची नजर तेथेही थैलीवरच. सार्वजनिक पदावर बसून लाच खाणारे उकळत्या डांबरात बुडवलेले आहेत. ज्या गुन्ह्याचा खोटा आळ कवीवर आला, त्याच गुन्ह्याच्या खऱ्या धन्यांना त्याने डांबरात घातले. पोप, राजे, शेठ, कोणाचीही भीड त्याने ठेवलेली नाही. दान्तेच्या हातची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जगात जी आठशेच्या आसपास हस्तलिखिते शिल्लक आहेत, त्यांत मुंबईची ही पोथी मोडते.

आता पुन्हा एल्फिन्स्टनकडे वळू. 1819 पासून 1827 पर्यंत तो मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या राज्यकारभाराचे मूल्यमापन हा मोठा विषय आहे. आपला संबंध त्याच्या विद्याविषयक धोरणाशी आहे. पेशव्यांच्या दक्षिणेचा पैसा विद्येकडे वळवून 1821 साली पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज उभे राहिले. मराठी आणि गुजराती शाळांसाठी पुस्तके तयार करवून छापण्याच्या कामाला त्याने जोराचा पाठिंबा दिला. ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने एक आठवण लिहून ठेवली आहे. त्याने साहेबाच्या तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहिला आणि ही कशासाठी, असे विचारले. एल्फिन्स्टनच्या उत्तराचा आशय असा की, या लोकांना शिकवण्यासाठी. आणि आपल्याला युरोपात परत नेणारा राजरस्ता हाच आहे. राज्य कमावणारा माणूस ते जाणार हे ओळखून होता, आणि तरी शिकवा म्हणत होता. या उत्तराबद्दल त्याला मान दिला पाहिजे.

परंतु 1824 साली त्याने शिक्षणावर जे टिपण लिहिले त्यात दुसरेही काही आहे. मिशनऱ्यांना खालच्या मानलेल्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी वाटतात, हे तो नमूद करतो. त्यापुढे तो म्हणतो ते असे की, त्या वर्गाला खास उत्तेजन देताना जपून असावे; कारण नवे शिक्षण त्यांच्यात प्रथम रुजले तर ते वर कधीच पसरणार नाही, आणि वरचे वर्ग त्याचा तिरस्कार करतील. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्याला शिकण्याची सर्वांत अधिक ओढ, त्याला सर्वांत शेवटी बसवावयाचे. आणि हे कोण लिहितो? लोकभाषेत महाकाव्य लिहिणाऱ्या कवीचा भक्त! दान्तेची पोथी त्याने जतन केली, दान्तेचा धडा मात्र अर्धाच गिरवला. भाषा लोकांची घेतली. लोक मात्र निवडून घेतले.

ज्या सोसायटीला त्याने पोथी दिली तिची कथाही तशीच. सर जेम्स मॅकिंटॉशने 1804 साली ती काढली तेव्हापासून कित्येक वर्षे तेथे हिंदी माणसाला सभासदत्व नव्हते. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना प्रथम नकार मिळाला आणि 1840 साली त्यांचा प्रवेश झाला. तोपर्यंत मुंबईतील दान्ते मुंबईकरांना बंद होता.

तथापि विद्येचा गुण असा की, ती एकदा आत शिरली म्हणजे देणाऱ्याने आखलेल्या रेषेत राहत नाही. एल्फिन्स्टन 1827 साली निघाला तेव्हा मुंबईच्या नागरिकांनी त्याच्या नावाने अध्यापकपदे निर्माण करण्यासाठी दोन लाखांवर रुपये जमवले. त्यातून एल्फिन्स्टन संस्था आणि कॉलेज उभे राहिले. दादाभाई नौरोजी तेथे शिकले आणि तेथेच गणिताचे प्राध्यापक झाले. इंग्रजी राज्य या देशाचा पैसा कसा ओढून नेते याचा हिशेब पुढे याच दादाभाईंनी जगापुढे मांडला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेथलेच. महादेव गोविंद रानडे तेथलेच. आणि 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घालणारे रानडेच. आज गावोगाव, वसाहती-वसाहतींतून ज्या वसंत व्याख्यानमाला चालतात, त्यांचा उगम शोधत गेले तर एक धारा त्या तंबूतील मराठी पुस्तकांच्या ढिगापाशी पोचते.

दुसरी धारा तेथून येत नाही, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. जोतीराव फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली ती कोणत्याही साहेबाच्या टिपणाची वाट न पाहता. 1882 साली हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिले, त्याचा इत्यर्थ असा : सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, खेड्यातील कष्टकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शाळाही नाही. वरून झिरपत झिरपत विद्या खाली येईल, या एल्फिन्स्टनच्या काळापासून चालत आलेल्या कल्पनेला इतके सडेतोड उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले नाही.

जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी हीच गोष्ट गिरणीच्या दारात नेली. 1884 साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या? रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्योदय-सूर्यास्ताच्या मर्यादेत काम, वेळेवर पगार, जखमी कामगाराला भरपाई. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन त्यातूनच उभी राहिली. रविवारची सुटी 1890 साली पदरात पडली. या मागण्यांत पुस्तकांचा शब्दही नाही. पण विचार करा : एल्फिन्स्टन पहाटे उठून इटालियन वाचू शकला, कारण त्याची पहाट त्याच्या मालकीची होती. चौदा-चौदा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्याला पहाट नाही आणि संध्याकाळही नाही. लोखंडे यांनी मागितला तो वेळ, आणि वेळ हेच वाचनाचे पहिले भांडवल आहे.

हा प्रश्न मिटलेला नाही. कंत्राटी कामगार म्हणून बारा-बारा तासांची पाळी करणारा तरुण आज कुरुळीच्या खोलीत चौघांबरोबर राहतो. त्याच्या हातात फोन आहे आणि फोनमध्ये दान्तेसकट सारे जगाचे वाङ्मय आहे. पोथीचे कुलूप निघाले. पण वेळेचे कुलूप तसेच आहे. आठ तासांच्या पाळीसाठी भांडणे म्हणजे केवळ पगाराचे भांडण नव्हे, हे आम्ही सभांतून सांगतो ते याच कारणाने.

पोथीविषयी एक गोष्ट मुंबईत नेहमी सांगितली जाते. 1930 च्या सुमारास इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याने ही पोथी परत मिळवण्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने ते नाकारले, अशी ती गोष्ट. सांगण्याच्या ओघात अशा गोष्टींतील आकडे फुगतात, हे सुज्ञांना सांगावयास नको. पण त्या सालाकडे पाहिले म्हणजे आम्हाला दुसरे एक दृश्य दिसते. त्याच वर्षांत त्याच मुसोलिनीच्या तुरुंगात आन्तोनिओ ग्रामची नावाचा एक कैदी होता. गरीब घरातील हा आजारी, कुबड आलेला मुलगा शिष्यवृत्तीवर तुरीन विद्यापीठात भाषाशास्त्र शिकला. 1919-20 साली तुरीनच्या मोटार कारखान्यांत कामगार मंडळांची चळवळ झाली, तिचा तो विचारवंत. 1926 मध्ये त्याला अटक झाली आणि पुढे वीस वर्षांची शिक्षा. त्या तुरुंगात त्याने ज्या वह्या लिहिल्या, त्यांत दान्तेच्या नरकखंडातील दहाव्या सर्गावर टिपणे आहेत. 1937 साली तो वारला. म्हणजे एकीकडे हुकूमशहाला दान्तेचे कातडी पान हवे होते, आणि दुसरीकडे दान्तेचा खरा वाचक त्याने गजाआड ठेवला होता. वाङ्मयाची मालकी कशाने ठरते याचा याहून उघड दाखला कोणता?

निवृत्तीनंतर एल्फिन्स्टन ग्रीस आणि इटली पाहून मायदेशी गेला. गव्हर्नर-जनरलचे पद त्याला देऊ केले असता त्याने नाकारले. 1841 साली त्याचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला. खेड्यातल्या घरात पुस्तकांच्या संगतीत राहून तो 1859 साली वारला. टाउन हॉलमध्ये चँट्री या शिल्पकाराने घडवलेला त्याचा पुतळा आहे.

मुंबईत त्याचे नाव आणखी एका ठिकाणी लागलेले आहे असे पुष्कळांना वाटे : एल्फिन्स्टन रोड स्टेशन. वस्तुतः ते नाव त्याच्या पुतण्याचे, 1853 ते 1860 या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचे. गिरणगावातील त्या स्टेशनच्या अरुंद पुलावर 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे मेली. कामावर निघालेली माणसे ती. 2018 साली स्टेशनचे नाव प्रभादेवी झाले. नाव बदलले हे योग्यच. परंतु नावापेक्षा पूल रुंद करण्याची घाई आधी व्हावयास हवी होती, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत आहोत. पाट्या बदलणे सोपे असते. वारसा कोणता ठेवावयाचा आणि कोणता टाकावयाचा हे ठरवणे कठीण असते.

मग एल्फिन्स्टनच्या वारशाचे आपण काय करावयाचे? तोफेचा वारसा टाकावयाचा, यात शंका नाही. शिक्षणाची पंगत जातीच्या क्रमाने वाढण्याचा वारसा तर निश्चयाने टाकावयाचा. तो अजून पुरता गेलेला नाही म्हणून अधिकच. पण पोथी ठेवावयाची. ती साहेबाने दिली म्हणून नव्हे. ज्या कवीने आपल्या गावचा माफीनामा लिहून दिला नाही आणि साध्या माणसांच्या बोलीत स्वर्ग-नरकाचा हिशेब मांडला, त्याची ती पोथी आहे म्हणून. तो कवी ज्ञानोबांच्या पिढीचा आहे. आळंदीच्या वारकऱ्याला तो परका वाटण्याचे कारण नाही.

मुंबईस काम निघाले तर टाउन हॉलच्या त्या पायऱ्या एकदा अवश्य चढाव्या. जिन्यावर कोणी आपली जात विचारणार नाही की शिक्षण विचारणार नाही. तेवढ्यासाठी पुष्कळ लोकांना पुष्कळ झगडावे लागले आहे.